खिडकीवाल्याचा भाग

यंदा दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर पहिला काळा कण पडला आणि मला कळलं, कारखाना पेटला. वर्तमानपत्रात बॉयलर पेटवल्याचे फोटो येतात, नारळ, हार, पुढारी. पण आम्हां कोपरगावकडच्या बायकांना ती बातमी दोरीवरच मिळते. उसाचा भुसा बॉयलरमध्ये जळतो आणि त्याची काजळी हलकी होऊन लांबवर उडत येते. बोटानं उचलायला जावं तर कण विरून जातो, नुसता डाग उरतो. मागोमाग मळीचा वास येतो, गोड आणि कुजका, दोन्ही एकदम. नव्या माणसाला त्यानं मळमळतं. मला भूक लागते. काय करणार, माझं सगळं बालपण त्या वासात शिजलं आहे.

त्याच दिवशी माझी भाची रिबेका पुण्याहून आली. माझ्या दादाची मुलगी, एकोणीस वर्षांची. तिला कॉलेजची सुट्टी होती. बॅग दारातच टाकून, चहाचा पहिला घोट घेऊन तिनं विचारलं, "आत्या, पप्पांची ती मालिका कुठून बघायला सुरू करू?"

मालिकेचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिचे भक्त माझ्या चुका काढायला बसतील, आणि मी आधीच शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून दमलेली असते. एवढंच सांगते की ती परदेशी आहे, आमच्या जन्माआधी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. आकाशात फार लांब, जिथे ताऱ्यांचा उजेड संपतो तिथे, एक दिव्याचं ठाणं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवायला तिथे दिवा तेवत ठेवायचा. राखणदार येतात, म्हातारे होतात, जातात, दिवा राहतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण तिचे कितीतरी हंगाम झाले, तिला शाखा फुटल्या, मागचं-पुढचं सांगणारे सिनेमे निघाले, आणि आता नवा माणूस त्या पसाऱ्यापुढे उभा राहिला की भांबावतो.

इंटरनेटवर यावर भांडणं चालतात. कुणी म्हणतं, पहिला हंगाम सोडूनच द्या, भिंती पुठ्ठ्याच्या दिसतात. कुणी म्हणतं, तिसरी राखणदारीण येते तिथून बघा. एक पंथ असा की भाग ज्या क्रमानं दाखवले त्या क्रमानं बघायचे नाहीत, गोष्टीतल्या काळाच्या क्रमानं बघायचे. त्यांनी त्याचे तक्तेही केले आहेत, आमच्या शाळेच्या वेळापत्रकापेक्षा नीटनेटके. रिबेकानं ते सगळं वाचलं होतं. तरी ती मला विचारत होती.

का विचारत होती ते मला कळत होतं. बाप गेला तेव्हा ती दीड वर्षाची होती. कारखान्यात अपघात झाला, एवढे तीन शब्द तिला मिळाले होते. चौथा शब्द कुणी दिला नाही. वहिनी तिला घेऊन पुण्याला गेली, नर्सिंगच्या कामाला लागली. आणि आमच्या घरात दादाचं नाव घेत नाहीत. कुणी तशी बंदी घातली नव्हती. त्या उन्हाळ्यात आईनं फोटो ट्रंकेत ठेवला, ट्रंक माळ्यावर गेली, आणि तेव्हापासून आम्ही त्या नावाला वळसा घालून बोलायला शिकलो. मालिका कुठून सुरू करू या प्रश्नाच्या आडून ती पोर बापाकडे जायची वाट विचारत होती. मी म्हटलं, "पहिल्या भागापासून कर." पहिल्या भागापासून केलं की पुष्कळ दिवस जातात. मला तेवढीच सवड हवी होती.

आमचे बाबा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, म्हणून आम्ही कॉलनीत राहायचो. कॉलनीत केबल आली तेव्हा दादा चौदा वर्षांचा होता आणि मी दहा. रोज दुपारी चार वाजता कुठल्याशा परदेशी वाहिनीवर ती मालिका लागायची. हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः करायचा आणि तीच आमच्या घरात यायची, त्यामुळे हंगामभर दिवा कधी गेला नाही. पण त्या विजेला एक घरघर होती. टर्बाइनचा आवाज जमिनीतून यायचा, भिंतीत शिरायचा, फळीवरचे काचेचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणायचे. सहा महिने अखंड. आम्हांला तो ऐकू येत नसे. ज्या दिवशी गाळप संपून टर्बाइन थांबे त्या दिवशी मात्र सगळी कॉलनी दचकून उठायची. शांतता कानाला टोचायची.

चित्रही कधी धड यायचं नाही. केबलवाल्याच्या तारांमुळे प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच एक फिकी आकृती दिसायची, अर्धा हात सरकलेली. तो वळला की तीही वळायची, पण मला नेहमी वाटायचं की ती किंचित उशिरा वळते. धुरातून आलेलं चारचं ऊन तांबूस असायचं, ते पडद्यावर पडायचं, आणि त्या उन्हात ती माणसं आपापल्या जोडीदारासकट दिव्याच्या ठाण्यात हिंडायची. इंग्रजी आम्हांला फारसं कळत नव्हतं. दादा मांडीवर शब्दकोश घेऊन बसायचा. मी त्याला चिकटून बसायचे. भीती वाटायची म्हणून बसते, असं मी कधी कबूल केलं नाही.

त्यात एक राखणदार होता. त्याचं नाव आम्हांला कधी नीट ऐकू आलं नाही. तो सदा एका गोल खिडकीपाशी उभा असायचा, बाहेर काहीच नसलेल्या अंधाराकडे बघत. आम्ही त्याला खिडकीवाला म्हणायचो. तो फार बोलायचा नाही. बाकीचे त्याच्या शेजारी येऊन आपली दुःखं सांगून जायचे. दादाला तो इतका आवडायचा की दादाही आमच्या खिडकीपाशी तसाच उभा राहायला लागला, एक हात चौकटीवर टेकून.

मार्च संपताना कारखाना बंद झाला. आता साधी, सरकारी वीज, आणि ती रोज दुपारी जायची ती सहाच्या आत परत येत नसे. म्हणजे ऑफ सीझनभर मालिका बंद. ती तिकडे रोज चालूच होती, पण आमच्यापुरता दिवा विझलेला. पुढच्या नोव्हेंबरात काजळी पडायला लागली, पेले किणकिणले, आम्ही चार वाजता हजर झालो. ठाणं तेच, दिवा तोच. खिडकीपाशी कुणी नव्हतं.

तो भाग गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. कुणी त्याचं नाव काढेना. लोक त्या खिडकीसमोरून जात, बोलत, हसत. खिडकी तशीच.

मी आणि कॉलनीतली पोरं यात काही वावगं आहे असं समजतच नव्हतो, याचं मला आज सगळ्यात नवल वाटतं. आम्ही कारखान्याची पोरं. दर हंगामाला कामगार येत, ऑफ सीझनला आपापल्या गावी जात, आणि पुढच्या हंगामाला त्यांतले काही परत येत नसत. यंदा अमका दिसत नाही, न्हाई आला, एवढ्यावर विषय संपे. तसाच हा खिडकीवाला हंगामी असणार, यंदा बोलावणं गेलं नसेल, असं आम्ही धरून चाललो. ताऱ्यांच्या पलीकडे ठाणं आहे, पण तिथेही ऑफ सीझन असतोच, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरांनी ही चूक केली नसती.

दादानं ती केली नाही. तो चिडला होता. तो म्हणाला, "गेला तर गेला, पण नाव तरी घ्यावं की." आणि त्यानं वही केली. तपकिरी कव्हरची, दोनशे पानी. आम्ही पाहिलेले भाग शाईनं लिहायचे, आणि वीज नव्हती त्या महिन्यांत काय घडलं असेल ते पेन्सिलीनं. शाईचे हंगाम आणि पेन्सिलीचे उन्हाळे. अशी तीन-चार वर्षं ती वही चालली. पुढे दादा तंत्रनिकेतनात गेला, शिकून त्याच कारखान्यात लागला, लग्न झालं, आणि वही कुठे गेली ते मला कळलं नाही. ती वहिनीनं पुण्याला नेली होती. कपड्यांच्या कपाटात अठरा वर्षं होती. रिबेकानं ती बॅगेतून काढून माझ्यापुढे ठेवली तेव्हा कपाटातल्या डांबरगोळीचा वास आला, आणि त्याच्या खालून अगदी बारीक, मळीचा.

चार दिवस आम्ही बघत होतो. हट्टानं चार वाजताच, मी शाळेतून आले की. आता चित्र स्वच्छ येतं. इतकं स्वच्छ की मला ती माणसं ओळखीची वाटेनात. त्यांच्या उजव्या बाजूला कुणीच नव्हतं. आई तिच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आईचं वय सत्तरीला टेकलंय, कान मात्र तिखट आहेत. मालिकेचं संगीत सुरू झालं की तिच्या पाठीचे स्नायू ताठ झालेले मला दिसायचे.

पाचव्या दिवशी रिबेका कंटाळली. "आत्या, पुठ्ठ्याच्या भिंती पुरे झाल्या. खिडकीवाला कुठेय? पप्पांनी त्याच्यावर एवढं लिहिलंय, आणि पेन्सिलीचं मला धड वाचता येत नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मग शेवटापासूनच बघू, तो जातो तो भाग लाव. आणि मी तिला तो सगळा सांगितला. ठाण्याच्या पोटात तेलाची मोठी टाकी असते. एक जण साफसफाईला आत उतरतो आणि पडतो. खिडकीवाला धावत येतो, टाकीच्या गोल झाकणापाशी थांबतो, मागे वळतो, हात वर करतो. मग आत जातो. पडलेला माणूस वर येतो, हा येत नाही. त्याचा चेहरा, वर केलेला हात, हाताच्या उजव्या बाजूला सरकलेली फिकी आकृती, सगळं मला लख्ख दिसत होतं. काल पाहिल्यासारखं.

तिनं शोधलं. पुन्हा शोधलं. मग मोबाईलवरून मान वर करून म्हणाली की असा भागच नाही. नटाचं आणि निर्मात्यांचं बिनसलं, त्याला काढला, आणि त्याच्या जाण्याबद्दल अवाक्षरही न लिहिता मालिका पुढे गेली. लोक इतकी वर्षं विचारतायत. "आत्या, हे कुणीच पाहिलेलं नाही. नाहीच ते."

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. पण मी ते पाहिलं होतं.

वही मीच उघडली. हंगाम पहिला, शाई. त्यापुढे मोठ्या अक्षरात ऑफ सीझन पहिला, आणि खाली पेन्सिल. दादाचं पंधरा वर्षांचं अक्षर, उजवीकडे कलणारं. तेलाची टाकी तिथे होती. पडलेला माणूस होता. गोल झाकण होतं. तो मागे वळतो आणि हात वर करतो, हेही होतं. दादानं मला पुढच्या उन्हाळ्यात वीज गेलेल्या दुपारी ते वाचून दाखवलं असणार, आणि मी अंधाऱ्या पडद्याकडे बघत ऐकलं असणार. तीस वर्षं मी ते डोळ्यांनी पाहिलं म्हणून जपत आले.

पण ते एवढ्यावरच संपत नाही. दादा सत्ताविसाव्या वर्षी गेला तो ऑफ सीझनला गेला. मळीच्या टाकीच्या साफसफाईला एक जण उतरला आणि आतल्या वायूनं पडला. दादा झाकणापाशी होता. तो आत गेला. त्यानं त्या माणसाला दोरापर्यंत आणलं, वरच्यांनी ओढून घेतला. दादाला ओढायला दोर परत खाली गेला तेव्हा धरायला कुणी नव्हतं. वाचलेला माणूस अजून कधीमधी मला कोपरगावच्या बाजारात दिसतो. त्याची काही चूक नाही. तरी मी वाट बदलते.

हे सगळं मी रिबेकाला कधी सांगायला लागले ते मला समजलं नाही. वहीतलं वाचता वाचता पेन्सिलीची ओळ कुठे संपली आणि माझं बोलणं कुठे सुरू झालं, ते तिलाही आधी कळलं नसावं. मग कळलं. ती उठून खिडकीपाशी गेली आणि उभी राहिली, एक हात चौकटीवर टेकून. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. बाहेर ऊन तांबूस झालं होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, वहीकडे बघत राहिले. पानाच्या तळाशी दादानं आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. पुढच्या हंगामात त्याचं नाव कुणी घेणार नाही. नाव घेतलं नाही तर त्याला कसं कळणार, आपली कुणी वाट बघतंय म्हणून.

त्या मी मोठ्यानं वाचल्या.

खाट करकरली. आई उठून बसली होती. भिंतीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून. तिनं विचारलं, "हात वर केला म्हनून लिवलंय का त्यात?"

मी म्हटलं, हो.

"केल्ता त्यानं," आई म्हणाली. "फाटकातनं वळून. मी दारात हुते. माजे हात पिठाचे हुते, म्या नुसतं बघितलं. म्या परत हात न्हाई केला."

मला आधी वाटलं ती मालिकेतलं बोलते आहे, तिनंही मागून कधीतरी ऐकलं असेल. मग लक्षात आलं की ती त्या सकाळचं सांगते आहे. दादा ड्यूटीला निघाला, कॉलनीच्या फाटकातून वळला, हात वर केला. तिच्या हातांना पीठ होतं. अठरा वर्षं ती एवढ्यावर अडकून बसली होती, आणि आम्ही समजत होतो की ती दगड झाली. मला तिची लाज वाटली नाही कधी, पण राग आला होता. तो सगळा राग त्या खाटेपाशी एकदम उतरून गेला आणि मी रडले. रिबेका रडली नाही. तिनं आजीचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, जणू पीठ अजून असेल.

आमच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा, म्हणजे खास उपासना, असते. घरोघरचे लोक आपापल्या मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून देतात आणि फादर वेदीवरून ती एकेक करून वाचतात. हंगाम सुरू होतो त्याच सुमाराला हे येतं, त्यामुळे लहानपणापासून माझ्या मनात मेलेल्यांची नावं आणि काजळी एकाच ढगातून पडतात. आमची चिठ्ठी मी लिहिते. आजोबा, आजी, दोन काका, अलीकडे बाबा. गेली अठरा वर्षं तेवढंच. त्या संध्याकाळी आईनं चिठ्ठी मागितली, चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळली आणि खाली जागा आहे का विचारलं. आहे, म्हटलं. "मग लिव," ती म्हणाली, आणि नाव सांगितलं. मला ते नाव माहीत नसावं तसं, सावकाश.

मी शाईचं पेन शोधायला उठले. रिबेकानं तोवर वहीच्या पुठ्ठ्यात खोचलेला पेन्सिलीचा तुकडा पुढे केला. मी त्यानंच लिहिलं.

नव्या माणसानं कुठून सुरुवात करावी? मला आता तक्ते पटत नाहीत. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जिथे कुणीतरी नाहीसं झालं आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही, तिथून करा. बाकीचे हंगाम मागून बघता येतात. रिबेका आता तशीच बघते आहे. पुण्याहून फोन करते आणि मधेच म्हणते, आत्या, आज खिडकी दिसली. तिनं वहीत पुढची पानं लिहायला घेतली आहेत. शाईनं की पेन्सिलीनं, ते मी विचारलेलं नाही.

त्या रविवारी चर्चच्या उघड्या खिडक्यांतून काजळी आत येत होती. वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर दोन-तीन कण पडले होते, फादर ते झटकत नव्हते. नावं चालली होती. प्रत्येक नावानंतर ते किंचित थांबत, आणि त्या थांबण्यात लांबून कारखान्याची घरघर ऐकू येई, जमिनीतून, बाकाच्या लाकडातून. आमची चिठ्ठी आली. आजोबा. आजी. काका. काका. बाबा. मग फादरांनी चिठ्ठी जरा उजेडाकडे धरली, पेन्सिलीचं म्हणून.

"विल्सन," त्यांनी वाचलं.

आईनं मांडीवरचा हात उचलला. फार नाही, खांद्याइतका. आणि तसाच वर धरून ठेवला.